सांडपाण्याचा इंजिनीअर आणि मृगातला तेजोमेघ

‘जेम्स वेबचे फोटो फुकट बघायला मिळतात, मग तू रात्र जागून तोच तेजोमेघ कशाला टिपतोस?’ हा प्रश्न मला ऑफिसात वरचेवर ऐकायला मिळतो. त्याचं उत्तर शोधता शोधता मी या छंदाच्या इतिहासात शिरलो आणि तिथे ओळखीची वाटावी अशी माणसं भेटली. दिवसा नोकरी-धंदा, रात्री दुर्बीण.

आपला डोळा प्रकाश साठवत नाही. मृग नक्षत्रातला तेजोमेघ पाच मिनिटं बघा नाहीतर पाच तास, तो तेवढाच फिकट दिसणार. त्यामुळे दीडशे वर्षांपूर्वी खगोलशास्त्रज्ञ तेजोमेघांची चित्रं हाताने काढत. दोन माणसांची चित्रं जुळत नसत. मग बदललंय काय, तेजोमेघ की चित्रकाराचा हात, यावर वाद होत.

फोटोची काच मात्र प्रकाश साठवते. सुरुवातीच्या काचांवरचं रसायन ओलं असतानाच फोटो उरकावा लागे, म्हणजे हातात मोजकीच मिनिटं. १८७१मध्ये रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली. ती सुधारत गेली आणि ३० सप्टेंबर १८८० रोजी न्यूयॉर्कजवळ हेन्री ड्रेपरने ५१ मिनिटांचं एक्स्पोजर देऊन मृगातल्या तेजोमेघाचा पहिला फोटो काढला. ड्रेपरचं शिक्षण डॉक्टरकीचं.

आता अडचण रसायनाची राहिली नाही, यंत्राची झाली. आकाश तासाला १५ अंश सरकतं. दुर्बीण तितक्याच अचूकपणे त्याच्या मागे फिरली नाही, तर ताऱ्यांच्या रेघा होतात. इथे अँड्र्यू कॉमन येतो. हा लंडनजवळच्या ईलिंगमधला सांडपाणी-व्यवस्थेचा इंजिनीअर. त्याने घराच्या बागेत ३६ इंची आरशाची दुर्बीण उभारली आणि घर्षण कमी व्हावं म्हणून तिचा अवजड अक्ष पाऱ्यावर तरंगता ठेवला. मी हेच काम आज लॅपटॉपवर सोपवतो. एक छोटा कॅमेरा दर दोन-तीन सेकंदांनी एका ताऱ्याची जागा तपासतो आणि मोटरला दुरुस्ती सांगतो. तेव्हा हे डोळ्याने आणि हाताने करावं लागे. फीडबॅक लूप तोच, फक्त प्रोसेसर माणूस होता.

१८८३मधल्या कॉमनच्या फोटोत असे तारे उमटले, जे त्याच दुर्बिणीला डोळा लावून दिसत नव्हते. फोटो ही आता नुसती नोंद राहिली नाही, ते बघण्याचंच साधन झालं. पुढच्या वर्षी रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्याला सुवर्णपदक दिलं. त्याची दुर्बीण पुढे विकली गेली आणि १८९५मध्ये कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेत पोचली. तिथे जेम्स कीलरने तिच्यातून सर्पिल तेजोमेघ ढिगाने टिपले.

याच काळात आपल्या पुण्यातही मृगाच्या तेजोमेघाचा अभ्यास चालू होता. सायन्स कॉलेजातले कावसजी नायगमवाला त्याचा वर्णपट तपासत होते. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभी राहिलेली त्यांची वेधशाळा १९१२मध्ये, त्यांच्या निवृत्तीनंतर बंद झाली. तिची २० इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली.

पण फोटो स्वतःचा अर्थ सांगत नाही. लिव्हरपूलचा आयझॅक रॉबर्ट्स हा इमारतींचा कंत्राटदार. १८८८मध्ये त्याने देवयानीचा फोटो काढला आणि तिचे सर्पिल बाहू पहिल्यांदाच स्पष्ट दिसले. त्याला वाटलं, इथे एक नवी सूर्यमाला जन्मतेय. फोटो अस्सल होता, अर्थ साफ चुकला होता. ती आपल्या आकाशगंगेबाहेरची, सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं दूरची दीर्घिका आहे. याचा पुरावा मिळायला १९२३ साल आणि एडविन हबल यावे लागले. हबलला तो मिळाला तोही फोटोच्या काचेवरच.

आज काचेच्या जागी सेन्सर आहे. मी दोन-दोन मिनिटांचे शंभर फोटो काढतो आणि सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक रचतो. सिग्नल शंभरपट वाढतो, नॉइज फक्त दहापट, म्हणून चित्र दहापट स्वच्छ होतं. शहराच्या उजेडात तर याला पर्यायच नाही. तो उजेडही फोटोत साठत जातो. तो वजा करता येतो, पण त्याने आणलेला नॉइज मागे उरतो. त्यामुळे जितकं शहर उजळ, तितक्या रात्री जास्त.

मग ऑफिसातल्या प्रश्नाचं काय? जानेवारी २०२३मध्ये मार्सेल ड्रेक्सलर, झेवियर स्ट्रॉटनर आणि यान सेंटी या हौशी मंडळींनी देवयानीशेजारी ऑक्सिजनच्या प्रकाशाचा एक प्रचंड कमानदार पट्टा सापडल्याचं जाहीर केलं. दुर्बीण होती जेमतेम १०६ मिलिमीटरची आणि एकूण एक्स्पोजर शंभर तासांहून जास्त. देवयानी आकाशात सहा पूर्णचंद्र ओळीने मांडावेत एवढी लांब पसरलेली आहे. मोठ्या दुर्बिणींची नजर तीक्ष्ण असते पण अरुंद, आणि त्यांचा एकेक तास आधीच कुणाच्या तरी नावावर लागलेला असतो. एकाच जागी शंभर तास नजर लावून बसणं हौशी माणसालाच परवडतं. आकाशातली सगळ्यात जास्त फोटो निघालेली दीर्घिका, आणि तिच्या शेजारचा हा पट्टा तोवर कुणाला दिसलाच नव्हता.