एकट्याच्या डावातलं दान

फासे म्हटले की आपल्याला आधी शकुनी आठवतो. पण शकुनीला फसवायला समोर कुणीतरी युधिष्ठिर लागतो. आज आपण ज्या खेळाचा इतिहास पाहणार आहोत, त्यात समोर कुणीच नसतं. माणूस एकटा बसतो, फासा टाकतो आणि आपल्याच गोष्टीत पुढे काय घडलं ते त्यावरून ठरवतो. म्हणजे शकुनीही तोच आणि युधिष्ठिरही तोच. मग इथे फसवणूक होऊ शकते का? हा प्रश्न मनात ठेवून आपण मागे जाऊ.

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ छापला. त्यात चार-पाच जण पात्रं होतात आणि एक जण सूत्रधार. भुयाराचा नकाशा फक्त सूत्रधाराकडे असतो. दाराआड काय आहे ते त्याला ठाऊक असतं, बाकीच्यांना नसतं. सगळी गंमत या न ठाऊक असण्यात आहे. आता ज्याला सोबती मिळत नाहीत त्याने काय करायचं? नकाशा स्वतःच काढला तर दाराआड काय आहे ते आधीच कळलेलं असणार. आपणच लपवायचं आणि आपणच शोधायचं, हे कसं जमावं?

यावर पहिलं उत्तर लवकरच आलं. १९७५च्या वसंतात ‘द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’ या नियतकालिकाच्या पहिल्याच अंकात गायगॅक्स यांनी एकट्याने खेळण्याची रीत दिली. पुढे १९७९च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’ या ग्रंथात ती परिशिष्ट म्हणून सविस्तर आली. भुयारात थोडं पुढे गेलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. ३ ते ५ पडले तर दार, १८ पडले तर वाट बंद, २० पडले तर भटका राक्षस समोर उभा. म्हणजे नकाशा आधी नसतोच, चालता चालता तो तयार होतो.

दुसरं उत्तर पुस्तकाचं. केन सेंट आंद्रे यांच्या ‘टनेल्स अँड ट्रोल्स’ या खेळासाठी रिक लूमिस यांनी १९७६ साली ‘बफेलो कॅसल’ लिहिलं. परिच्छेदांना क्रमांक द्यायचे आणि निवडीप्रमाणे वाचकाने त्या त्या क्रमांकावर जायचं, अशी ही रीत. १९८२ साली इंग्लंडमध्ये स्टीव्ह जॅक्सन आणि इयान लिव्हिंगस्टन यांचं ‘द वॉरलॉक ऑफ फायरटॉप माउंटन’ आलं. त्यात चारशे परिच्छेद आणि साधे दोन फासे. या पुस्तकातला एक नियम आम्हाला फार आवडतो. तुमचं नशीब तिथे आकड्यात लिहिलेलं असतं. दोन फाशांची बेरीज तेवढी किंवा त्याहून कमी आली तर तुम्ही नशीबवान. पण निकाल काहीही लागो, नशिबाचा आकडा एकाने उतरतो. नशीब वापरलं की झिजतं! आता असली पुस्तकं वाचणारी मुलं काय करत? आधीच्या पानात बोट घालून ठेवत. पुढे मरण लिहिलेलं दिसलं की गुपचूप मागे.

तिसरं उत्तर २००३ सालचं, टाना पिजन यांच्या ‘मिथिक’चं. इथे तयार गोष्टच नाही. तुम्ही हो-नाही असा प्रश्न विचारायचा, ‘हो’ची शक्यता किती ते ठरवायचं आणि शंभरापर्यंत आकडा देणारे फासे टाकायचे. कधी अवचित घटना घडते. तेव्हा शंभर क्रिया आणि शंभर विषय यांच्या तक्त्यांतून एकेक शब्द काढायचा. जोड्या झाल्या दहा हजार. त्यांचा अर्थ लावायचा तुम्ही.

गंमत बघा, ही रीत नवी म्हणावी तर तिची जात फार जुनी आहे. १८९०च्या सुमारास मध्य आशियात कुचाजवळ भूर्जपत्रांची एक पोथी सापडली, ती ‘बावर हस्तलिखित’ म्हणून ओळखली जाते. तिच्यात पाशकविद्येचे दोन संस्कृत ग्रंथ आहेत. १ ते ४ आकड्यांचा फासा, तीन दानं, म्हणजे चार गुणिले चार गुणिले चार, चौसष्ट उत्तरं. पण फरक मोठा आहे. तिथे उत्तर आधीच लिहिलेलं होतं आणि त्यामागे देवता आहे, अशी विचारणाऱ्याची श्रद्धा होती. पुढे सूत्रधार आला, मग छापील पान आलं. आज मागे कुणीच उरलं नाही. दान पाळायला लावणारं कोणी नाही.

आमचंच सांगतो. नातवाने शिकवलं म्हणून आम्ही खेळायला बसलो. आमचा एक जासूद पत्र घेऊन नदीवर आला. नावाडी आहे का? बहुतेक असावा, असं आम्ही ठरवलं. दान पडलं, नाही. दोन शब्द निघाले, ‘टाळणे’ आणि ‘कर्ज’. नावाडी सावकाराला चुकवून लपला असणार! हे आम्हाला एरवी सुचलं नसतं. जासूद पोहत निघाला. फासा टाकला, तर बुडाला. आम्ही खोलीत इकडेतिकडे पाहिलं. कोणी नव्हतं. फासा उचलून पुन्हा टाकला.

जासूद वाचला, पण गोष्ट मेली. त्यानंतरच्या एकाही दानाने आमची छाती धडधडली नाही, कारण नको ते दान आपण फिरवू शकतो हे आता आम्हाला ठाऊक झालं होतं. कांट म्हणतो की स्वतः घालून घेतलेला नियम पाळणं म्हणजेच स्वातंत्र्य. वर्गात आम्ही हे अनेक वर्षं शिकवलं आणि सहा बाजूंच्या एका ठोकळ्यापुढे नापास झालो.

तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाला आमचं उत्तर असं, की होय, एकट्याच्या डावातही फसवणूक होते, आणि ज्याचं नुकसान होतं तो तिथेच बसलेला असतो. म्हणून आता आम्ही फासा हातात घेण्याआधी ‘हो’ आलं तर काय आणि ‘नाही’ आलं तर काय, हे दोन्ही कागदावर लिहितो. त्यातलं एक जरी सोसणार नसेल तर फासा टाकत नाही, सरळ ठरवून टाकतो. टाकला, तर पडेल ते दान आमचं.