झावळ्यांच्या छपराखालची शाळा

आज आपण श्रीलंकेला जाऊ या. त्या काळी तिला सिलोन म्हणत आणि तिथे इंग्रजांचं राज्य होतं.

बेट बौद्धांचं, पण इंग्रजी शिकायचं तर बहुतेक शाळा मिशनऱ्यांच्या. नोकरी इंग्रजीवर मिळे, म्हणून आईबाप मुलांना तिथे घालत. अभ्यासाबरोबर बायबल यायचंच. घरी पंचशील, शाळेत प्रार्थना, अशी मुलांची ओढाताण व्हायची.

१८८० मध्ये अमेरिकेचे कर्नल ऑल्कॉट गॉल बंदरात उतरले. त्यांनी तिथे पंचशील घेतलं आणि गावोगाव फिरून बौद्ध शाळांसाठी निधी गोळा केला. १८८६ मध्ये कोलंबोत मुलांची इंग्रजी शाळा निघाली. तीच पुढे आनंद कॉलेज झाली.

आणि मुली? त्यांच्यासाठी १८८९ मध्ये स्त्रीशिक्षण मंडळ स्थापन झालं. हेतू काय, तर शिकलेल्या बौद्ध तरुणांना शिकलेल्या बौद्ध बायका मिळाव्यात! आपल्याकडेही हेच कारण पुढे केलं जायचं, नाही का? पण कारण कुठलंही असो, दार उघडलं. पुढच्याच वर्षी संघमित्ता कन्याशाळा सुरू झाली. सम्राट अशोकाची लेक संघमित्ता बोधिवृक्षाची फांदी घेऊन लंकेत गेली, तिथल्या बायकांना भिक्षुणी संघात घेतलं. तिचंच हे नाव.

शाळेसाठी ऑस्ट्रेलियाहून केट पिकेट ही तरुणी आली. पण त्याच वर्षी, १८९१ मध्ये, विहिरीत बुडून तिचा अंत झाला. मग नोव्हेंबरात मेरी म्युझियस हिगिन्स आल्या. मूळच्या जर्मन, अमेरिकेत राहिलेल्या, विधवा. शाळेला शिक्षिका हवी असल्याचं त्यांनी एका मासिकात वाचलं होतं.

काही काळाने त्यांचं आणि मंडळाचं बिनसलं. मेरीबाई बाहेर पडल्या, पण मुलींना सोडून परत गेल्या नाहीत. पीटर डी अब्रू यांच्या मदतीने रोझमीड प्लेसला नवी शाळा मांडली. मातीच्या भिंती, वर झावळ्यांचं छप्पर, आणि मुली जेमतेम डझनभर. पुढे ऑस्ट्रेलियाच्या विल्टन हॅक यांच्या देणगीतून पक्की इमारत उभी राहिली.

सरकारची वागणूक कशी होती, तेही ऐका. नियम असा झाला, की चालू शाळेपासून पाव मैलाच्या आत नवी शाळा निघाली तर तिला सहसा अनुदान नाही. ऐकायला सगळ्यांना सारखा. पण मोक्याच्या जागी मिशनच्या शाळा आधीच होत्या. म्हणजे उशिरा आलेल्यांचीच वाट अडली.

तरी म्युझियस शाळा वाढली. तिथे शिक्षिकाही तयार होऊ लागल्या. चांगली बायको व्हावी म्हणून जिला शाळेत घातलं, ती स्वतः फळ्यापुढे उभी राहून शिकवू लागली. मेरीबाई १९२६ मध्ये वारल्या. शाळा आजही आहे.

त्याच कोलंबोत आपल्या गोव्याचे धर्मानंद कोसंबी १९०२ मध्ये पाली शिकायला गेले आणि ती विद्या पुढे त्यांनी मराठीत आणली.

मैत्रिणींनो, आपल्या गावातली मुलींची शाळा कुणी सुरू केली, जागा कुणी दिली, पहिल्या मुली कोण होत्या? थोरल्या बायकांना विचारून ठेवा. हे सांगणाऱ्या आहेत तोवरच विचारायला हवं.