क्ष-किरणांचा ताळेबंद

शाळेत बीजगणितातल्या 'क्ष'ने माझा इतका छळ केला की, त्याला कंटाळूनच मी कॉमर्सला गेलो. गुरुजी फळ्याकडे तोंड करून म्हणत, "समजा, क्ष मानू." आता नाही मानला तर काय बिघडतं, हा माझा प्रश्न. गुरुजींचं उत्तर छडीचं असे. पुढे बी.कॉम. झालो, बँकेत चिकटलो आणि वाटलं, क्ष सुटला. पण साडेसाती अशी सुटते होय? ती फक्त घर बदलते. आमची साताऱ्याहून सांगलीला गेली आणि भाचीच्या रूपाने माझी वाट बघत बसली.

भाऊबीजेला मी दरवर्षी सांगलीला ताईकडे जातो. जाताना कंदी पेढे नेतो, येताना हळद आणतो. परवाच्या दिवाळीला गेलो तर भाची लॅपटॉपपुढे डोकं धरून बसलेली. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. करून ती आता पीएच.डी.च्या शेवटच्या टप्प्यात आहे. पडद्यावर काळ्या पाटीवर गुलाल उधळावा तसं काहीतरी होतं. दोन बाजूंना दोन पंख, मध्ये एक काळी पट्टी.

"फुलपाखरू छान आहे," मी म्हणालो.

"मामा, फुलपाखरू काय! इंदूरहून आणलेला डेटा आहे हा. ग्रेझिंग इन्सिडन्स एक्स-रे स्कॅटरिंग."

इंदूर म्हटलं की मला होळकर आठवतात आणि पाठोपाठ पोहे. पण तिथे इंडस-२ नावाचं एक कडंही आहे म्हणे, १७२.५ मीटर घेराचं. २००५ साली त्यात पहिल्यांदा इलेक्ट्रॉन साठवले. ते प्रकाशाच्या जवळपास वेगाने गोल फिरतात आणि वळताना क्ष-किरण फेकतात. वळणावर असं अंगातलं बाहेर पडणं मला कळू शकतं. सातारा-सांगली एस.टी.त मागच्या बाकावर बसून मी अनेकदा प्रवास केलेला आहे.

"मला शिकव," मी म्हणालो. फराळ जास्त झाला की माणूस असं काहीही बोलून जातो.

ती शिकवू लागली आणि मला इतिहासच आधी आवडला. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीत वुर्झबर्गला राँटजेनसाहेबांना हे किरण सापडले. काय आहेत ते कळेना, म्हणून त्यांनी नाव ठेवलं 'क्ष'. म्हणजे इतक्या मोठ्या माणसालाही क्ष अनोळखीच होता! माझी निम्मी भीती तिथेच गेली. २२ डिसेंबरला त्यांनी बायकोचा हात घेऊन फोटो काढला, त्यात हाडं दिसली आणि बोटातली अंगठी. १९०१ साली भौतिकशास्त्राचं पहिलंवहिलं नोबेल त्यांनाच मिळालं. त्यांनी पेटंट घेतलं नाही आणि बक्षिसाची रक्कम विद्यापीठाला देऊन टाकली. इथे माझ्यातला बँकवाला हळहळला. निदान मुदत ठेव तरी!

१९१२ साली लाउए यांच्या सूचनेवरून स्फटिकातून क्ष-किरण सोडले गेले, तेव्हा पलीकडच्या काचेवर ठिपक्यांची रांगोळी उमटली. ब्रॅग बाप-लेकांनी तिच्यावरून अणूंची मांडणी वाचायची रीत काढली आणि १९१५ साली दोघांना मिळून नोबेल मिळालं. मुलगा तेव्हा पंचवीस वर्षांचा. पंचविसाव्या वर्षी मी पासबुकं भरत होतो.

"पण हे सगळं आरपार जाणारं झालं," भाची म्हणाली. "मला हवा आहे वरचा पातळ थर. आरपार गेलं तर खालच्या चकतीचाच गोंगाट ऐकू येतो. चल, घाटावर जाऊ."

आम्ही कृष्णेच्या घाटावर गेलो. तिने एक चपटा दगड उचलून वरून टाकला. बुडाला. दुसरा तिने वाकून, पाण्याला जवळजवळ चाटून जाईल असा भिरकावला. तो टप्पे खात पार आयर्विन पुलाच्या दिशेने गेला. "हे १९२३ साली कॉम्प्टनने क्ष-किरणांचं दाखवलं. कोन अगदी लहान ठेवला की किरण आत शिरतच नाहीत, परततात. सिलिकॉनला नेहमीच्या क्ष-किरणांसाठी हा कोन आहे सुमारे ०.२२ अंश."

पाव अंशही नाही! एवढ्या लहान कोनात दहावा हिस्सा मिलिमीटर जाडीचा झोतही पृष्ठभागावर सुमारे सव्वीस मिलिमीटर पसरतो. संध्याकाळी आपली सावली लांबते ना, तसाच हिशेब. भिंत नीट झाली का हे बघायला गवंडी दिवा समोर धरत नाही, भिंतीला लावून कडेने धरतो. मग उंचवटे लपत नाहीत. १९६३ साली जपानच्या योनेदांना त्या नेमक्या कोनापाशी एक जादा उजळ रेघ दिसली. माझ्या फुलपाखराच्या पंखांत आडवी चमकत होती ती हीच.

घरी येऊन वाचन सुरू झालं. पहिला धडा : इथे सगळं उलटं असतं. मोठी वस्तू मध्याजवळ खूण उमटवते, लहान वस्तू लांब. हे मला चटकन कळलं. मोठा खातेदार मॅनेजरच्या टेबलाशी चहा पीत बसतो, लहान खातेदार दारापर्यंत रांगेत उभा असतो. दुसरा धडा : यंत्र फक्त किती किरण आले ते मोजतं. लाटेचा चढ होता की उतार, ते हरवतं. म्हणजे रकमा सगळ्या आहेत, पण जमा की नावे हे पुसलं गेलंय. मला दरदरून घाम फुटला.

तिसरा धडा तर घरगुतीच निघाला. किरण कणावर आपटून थेट येतो, किंवा आधी जमिनीवर आपटून मग कणावर, किंवा कणावरून जमिनीवर, किंवा जमीन-कण-जमीन असा. माझ्या बदलीची बातमी आमच्या हिच्याकडे अशीच पोचते. कधी माझ्याकडून थेट, कधी शेजारच्या काकूंकडून माझ्यामार्फत, कधी माझ्याकडून काकूंमार्फत, तर कधी काकू-मी-काकू अशी. चारी एकदम येतात, एकमेकींत मिसळतात आणि उत्तर मला द्यावं लागतं. सुनील सिन्हा आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी खडबडीत पृष्ठभागांसाठी या जातीचं गणित १९८८ साली मांडलं. त्याच्या मुळाशी माक्स बॉर्न यांची रीत आहे. हे बॉर्न रामन यांच्या बोलावण्यावरून १९३५-३६ साली बंगलोरला येऊन राहिलेही होते.

"मग उलटं कसं वाचायचं?" मी विचारलं.

"वाचता येत नाही. आधी अंदाजाने रचना मांडायची, तिचं चित्र काय येईल ते काढायचं आणि खऱ्या चित्राशी जुळवायचं. माझं जुळलंय बघ! प्लॅस्टिकच्या पातळ थरावर सोन्याचे कण बसलेत."

सोनं ऐकून ताई स्वयंपाकघरातून बाहेर आली. त्या कणांचा आकार मिलिमीटरच्या लाखाव्या भागाएवढा आहे, हे कळल्यावर परत गेली.

रेघेवर रेघ अगदी तंतोतंत बसली होती. महिनाभरात प्रबंध जाणार होता. पण माझ्या पोटात मात्र कालवाकालव झाली. फराळामुळे नव्हे.

नोकरीत नवा होतो तेव्हाची गोष्ट. आमच्या शाखेत अजून लेजरंच होती. संध्याकाळी पहिल्या फटक्यात ताळा जुळला, म्हणून मी मित्रांना भेळ खिलवली. महिन्याने एक म्हातारे पेन्शनर खिडकीशी आले. ओरडले नाहीत. नुसतं पासबुक पुढे सरकवलं. त्यांची पेन्शन मी त्याच नावाच्या दुसऱ्या खात्यात टाकली होती. बेरीज बरोबरच होती, माणूस चुकला होता. त्या महिन्यात त्यांनी बायकोच्या औषधासाठी उसने पैसे काढले होते. ताळा जुळतो म्हणून हिशेब बरोबर ठरत नाही, हे बी.कॉम.च्या पुस्तकात मी पाठ केलेलं होतं. कळलं त्या दिवशी.

ते मी भाचीला सांगितलं आणि विचारलं, "हेच चित्र दुसऱ्या कोणत्या मांडणीने जुळतं का, ते पाहिलंस?"

ती रागावली. मग गप्प झाली. मग म्हणाली, "इंदूरला आणखी लहान कोनात एक मोजमाप घेतलं होतं. ते उघडलंच नाही. त्या कोनात किरण थराच्या वरच्या काही नॅनोमीटरपलीकडे जात नाहीत. कण वर असतील तर दिसतीलच."

रात्री साडेअकराला तिने ते उघडलं. फुलपाखराचे पंख जवळजवळ नाहीसे झालेले! सोनं वर नव्हतंच, थराच्या पोटात गाडलेलं होतं. प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण पाण्यात गेलं, कृष्णेतल्या पहिल्या दगडासारखं. भाची रडली, मग कपभर चहा पिऊन पहिल्यापासून मांडायला बसली. कण आत धरून आता दोन्ही चित्रं जुळतात. प्रबंध चार महिने लांबला, त्यामुळे ठरत आलेलं लग्नही लांबलं. ताई हळदीची पुडी हातात देताना एवढंच म्हणाली, "पुढच्या वर्षी मीच साताऱ्याला येते. तू नको येऊस."

परवा भाचीचा फोन आला. "मामा, आता आणखी एक तिसरा कोन तपासतेय. तुझ्या त्या पेन्शनर आजोबांसाठी."

मी फोन ठेवला आणि त्या दिवशीचा ताळा पहिल्या फटक्यात जुळला असूनही पुन्हा एकदा सगळी नावं वाचून काढली.