दूरध्वनी केंद्रातील वीज आणि तिची जबाबदारी : भारतीय दूरसंचाराच्या आधारव्यवस्थेचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

भारतातील दूरसंचाराचा इतिहास सामान्यतः यंत्रांच्या क्रमाने सांगितला जातो. तारायंत्र, हाताने जोडणी करावयाचे दूरध्वनी केंद्र, स्वयंचलित केंद्र, इलेक्ट्रॉनिक केंद्र आणि भ्रमणध्वनी अशी ती मालिका असते. मात्र यातील प्रत्येक यंत्र उभे राहण्यासाठी खांब, इमारत, लोखंडी चौकटी, भूसंपर्कन (अर्थिंग), योग्य तापमान आणि मुख्यतः अखंड वीज आवश्यक असते. या आधारव्यवस्थेची नोंद इतिहासलेखनात अभावानेच आढळते. दूरध्वनी यंत्रास लागणारी वीज कोणी पुरवावयाची, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटला तरी त्याच्या उत्तरावर दूरध्वनी कोणापर्यंत पोहोचला आणि संकटकाळी कोणाचा बंद पडला, हे बऱ्याच अंशी ठरलेले आहे. प्रस्तुत शोधनिबंधात याच प्रश्नाच्या अनुषंगाने विवेचन केले आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) दूरसंचार यंत्रणेच्या वीजपुरवठ्यातील ऐतिहासिक टप्प्यांचा आढावा घेणे.
२) प्रत्येक टप्प्यात विजेची जबाबदारी कोणावर होती याचा शोध घेणे.
३) ग्रामीण दूरसंचाराच्या मर्यादांचा वीजपुरवठ्याशी असलेला संबंध स्पष्ट करणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

१. तारायंत्राचा काळ :

भारतात विद्युत तारायंत्राचे पहिले प्रयोग विल्यम ब्रुक ओशॉनेसी यांनी १८३९ मध्ये कलकत्त्याजवळ केले. ते व्यवसायाने शल्यचिकित्सक व कलकत्ता मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर ही तार ईस्ट इंडिया कंपनीच्या कामासाठी सुरू झाली आणि १८५५ मध्ये तारसेवा सामान्य जनतेस उपलब्ध झाली. सुरुवातीच्या मार्गांवर ओशॉनेसी यांनी बारीक तारेऐवजी जाड लोखंडी सळई वापरली. वादळवारा, तारेवर बसणारे मोठे पक्षी आणि उड्या मारणारी माकडे यांचा भार बारीक तार सहन करू शकणार नाही, हा विचार त्यामागे होता. लाकडी खांबांना वाळवीचा उपद्रव होत असे, त्यामुळे पुढे लोखंडी खांबांचा वापर वाढला. परदेशी यंत्र येथील हवामानात टिकवावयाचे तर त्याचा आधार येथील परिस्थितीनुसारच घडवावा लागतो, हा धडा या पहिल्याच टप्प्यात मिळालेला दिसतो.

त्या काळी शहरांत विद्युतनिर्मिती केंद्रे नव्हती. म्हणून प्रत्येक तारघर आपली वीज रासायनिक घटांतून स्वतःच तयार करीत असे. भारतीय तारखात्यात डॅनियल घटाचा मिनोत्तो हा प्रकार प्रचलित होता. भांड्याच्या तळाशी तांब्याची पट्टी व मोरचुदाचे खडे, त्यावर वाळूचा किंवा भुशाचा थर आणि सर्वांत वर जस्ताची चकती अशी त्याची सुटसुटीत रचना असे. असे घट एकापुढे एक जोडून आवश्यक तो दाब मिळविला जाई. या टप्प्यात विजेची संपूर्ण जबाबदारी संदेश पाठविणाऱ्या खात्याची होती. तार करणाऱ्या व्यक्तीचा विजेशी काहीही संबंध येत नव्हता.

२. दूरध्वनीचे आगमन व ग्राहकाच्या घरातील घट :

२८ जानेवारी १८८२ रोजी कलकत्त्यातील दूरध्वनी केंद्राचे उद्घाटन झाले. मुंबई व मद्रास येथेही त्याच वर्षी केंद्रे सुरू झाली. प्रारंभीच्या पद्धतीत बोलण्यासाठी लागणारी वीज ग्राहकाच्या घरी ठेवलेल्या घटांतून येई. नवसागराच्या द्रावणात कार्बन व जस्त असलेला लेक्लांशे घट त्यासाठी वापरीत. केंद्रातील ऑपरेटरचे लक्ष वेधण्यासाठी ग्राहकास यंत्राची मूठ फिरवून मॅग्नेटोद्वारे वीज निर्माण करावी लागे. घरोघरी विखुरलेले घट सुस्थितीत ठेवण्यासाठी कर्मचाऱ्यास प्रत्येक ग्राहकाकडे जावे लागे. घट दुर्बल झाला की बोलणारा आवाजही दुर्बल होई. मॅग्नेटो पद्धतीची छोटी केंद्रे भारताच्या ग्रामीण भागात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही कार्यरत होती, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत मध्यवर्ती बॅटरीची पद्धत रूढ झाली आणि पुढे ती अन्यत्र पसरली. या पद्धतीत सर्व ग्राहकांना लागणारी वीज केंद्रातील एकाच मोठ्या बॅटरीतून मिळू लागली. ज्या तांब्याच्या दोन तारांतून आवाज जातो त्याच तारांतून वीजही जाऊ लागली. ग्राहकाने रिसीव्हर उचलताच मंडल पूर्ण होते व केंद्रास सूचना मिळते. १९१३-१४ मध्ये सिमला येथे ७०० जोडण्यांचे भारतातील पहिले स्वयंचलित केंद्र सुरू झाले. स्वयंचलित केंद्रांत शेकडो विद्युतचुंबकीय स्विच एकाच वेळी हलवावयाचे असल्याने मोठ्या मध्यवर्ती बॅटरीस पर्याय नव्हता.

या बदलाचा सामाजिक परिणाम महत्त्वाचा आहे. ग्राहकाच्या घरातील दिवे गेले तरी त्याचा दूरध्वनी चालू राहू लागला. विजेची जबाबदारी ग्राहकाकडून संस्थेकडे गेली आणि दूरध्वनी म्हणजे अडचणीच्या वेळी हमखास चालणारे साधन, अशी लोकांची धारणा तयार झाली.

३. बॅटरी कक्ष :

ही धारणा ज्या खोलीवर अवलंबून होती ती खोली ग्राहकाने क्वचितच पाहिली असेल. दूरध्वनी केंद्रातील बॅटरीत सर्वसाधारणपणे प्रत्येकी २ व्होल्टचे २४ शिसे-आम्ल घट एकापुढे एक जोडलेले असत आणि त्यांतून ४८ व्होल्ट एकदिश दाब मिळे. बॅटरीचे धन टोक जमिनीशी जोडण्याची प्रथा आहे. केबलमधील तारा जमिनीच्या तुलनेत ऋण राहिल्यास ओलाव्यामुळे होणारे त्यांचे विद्युत-रासायनिक क्षरण कमी होते. त्यामुळेच केंद्राचा दाब उणे ४८ व्होल्ट असा सांगितला जातो. रेक्टिफायर बाहेरून येणाऱ्या प्रत्यावर्ती विजेचे एकदिश विजेत रूपांतर करून यंत्रणा चालवितो आणि त्याच वेळी बॅटरीही भारित ठेवतो. बाहेरची वीज जाताच बॅटरी क्षणाचाही खंड न पडता भार उचलते. वीज अधिक काळ गेल्यास डिझेल जनित्र सुरू करावे लागते.

शिशाचे मोठे घट अत्यंत जड असल्याने बॅटरी कक्ष बहुधा तळमजल्यावर असे. तेथे आम्लरोधक फरशी, वायू बाहेर टाकणारे पंखे आणि ऊर्ध्वपातित पाण्याचा साठा असे. भारित होताना घटांतून हायड्रोजन बाहेर पडत असल्याने तेथे ठिणगीस मज्जाव असे. प्रत्येक घटातील द्रावणाची घनता मोजून वहीत नोंदविणे, पाण्याची पातळी राखणे आणि जोडांवरील क्षार पुसणे हे काम नित्याचे होते. जमिनीतील अर्थिंगचा रोधही नियमितपणे मोजावा लागे. दूरध्वनी सेवेची विश्वासार्हता या अप्रसिद्ध कामावर उभी होती.

४. ग्रामीण केंद्रे व विजेची मर्यादा :

१९८४ मध्ये सी-डॉट या संस्थेची स्थापना झाली. परदेशी बनावटीची इलेक्ट्रॉनिक केंद्रे मोठ्या शहरांसाठी रचलेली होती व त्यांना वातानुकूलित इमारती लागत. सी-डॉटने तयार केलेले १२८ पोर्टचे ग्रामीण स्वयंचलित केंद्र १९८६ मध्ये कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर येथे सुरू झाले. उष्ण व धुळीच्या वातावरणात वातानुकूलनाविना ते चालू शकत होते. त्याच्या यशात संगणकीय रचनेचा जेवढा वाटा आहे, तेवढाच थंडाव्याची गरज वजा करण्याच्या निर्णयाचाही आहे.

तथापि, थंडाव्याची गरज टाळता आली तरी विजेची टाळता आली नाही. समजा, एखाद्या लहान केंद्रास सतत १० अँपिअर प्रवाह लागतो व रोज १२ तास वीज नसते. अशा वेळी बॅटरीतून १२० अँपिअर-तास खर्च होतात. उरलेल्या १२ तासांत यंत्रणा चालवून खर्च झाल्याहून थोडा अधिक भार बॅटरीत परत घालावा लागतो. तो पूर्ण होण्यापूर्वी पुन्हा वीज गेली की तूट साठत जाते, पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचा कठीण थर जमतो व बॅटरीची क्षमता घटते. इ. स. २००० नंतरच्या पहिल्या दशकात महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाने दीर्घ भारनियमन अनुभवले. तेथील दूरसंचाराच्या दर्जाचा विचार या पार्श्वभूमीवर करावा लागतो.

दुर्गम गावांतील सार्वजनिक दूरध्वनींसाठी वापरलेल्या एम.ए.आर.आर. या रेडिओ पद्धतीचे उदाहरणही बोलके आहे. तीत बॅटरी व सौर पट्ट्या गावातच ठेवाव्या लागत, परंतु त्यांची देखभाल करणारी व्यवस्था गावात नव्हती. ही पद्धत असमाधानकारक ठरली आणि असे सुमारे १.८६ लाख दूरध्वनी बदलण्यासाठी पुढे सार्वत्रिक सेवा निधीतून साहाय्य द्यावे लागले.

५. भ्रमणध्वनी व प्रकाशीय तंतू :

३१ जुलै १९९५ रोजी भारतात भ्रमणध्वनी सेवेस प्रारंभ झाला. मनोरा, निवारा, बॅटरी, जनित्र व वातानुकूलन यांना 'निष्क्रिय पायाभूत सुविधा' असे नाव मिळाले आणि त्यांचा स्वतंत्र उद्योग बनला. २००७ मध्ये स्थापन झालेली इंडस टॉवर्स ही कंपनी त्याचे ठळक उदाहरण होय. पूर्वी एका इमारतीत असलेला बॅटरी कक्ष आता हजारो मनोऱ्यांच्या पायथ्याशी विखुरला गेला. अनिश्चित वीजपुरवठ्यामुळे डिझेलचा वापर इतका वाढला की, २०१२ मध्ये दूरसंचार विभागाने २०१५ पर्यंत किमान ५० टक्के ग्रामीण व २० टक्के शहरी मनोरे अपारंपरिक ऊर्जेच्या जोडीने चालविण्याचे निर्देश दिले.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मुंबईच्या अनेक भागांत वीज खंडित झाली व भ्रमणध्वनी सेवा कोलमडली. सर्वाधिक गरजेच्या क्षणी आधारव्यवस्थेची मर्यादा उघड झाली.

प्रकाशीय तंतूने या इतिहासास आणखी एक वळण दिले आहे. काचेचा तंतू प्रकाश वाहून नेतो, वीज नेऊ शकत नाही. त्यामुळे फायबरवर चालणाऱ्या दूरध्वनीसाठी घरातील उपकरणास ग्राहकाचीच वीज लागते. भ्रमणध्वनीची बॅटरीही ग्राहकच भारित करतो. २०११ मध्ये मंजूर झालेल्या व पुढे भारतनेट म्हणून ओळखल्या गेलेल्या योजनेत तंतू ग्रामपंचायतीपर्यंत नेण्याचे उद्दिष्ट होते. तेथील उपकरण चालू ठेवण्यासाठीही गावातील विजेचाच प्रश्न पुढे येतो.

निष्कर्ष :

१) विजेची जबाबदारी आरंभी तारखात्याकडे, नंतर दूरध्वनी ग्राहकाच्या घरी, पुढे मध्यवर्ती केंद्राकडे आणि आता अंशतः पुन्हा ग्राहकाकडे आली आहे.

२) मध्यवर्ती बॅटरीमुळे नागरिकास घरातील विजेपासून स्वतंत्र असे संपर्कसाधन लाभले होते. तांब्याच्या तारांबरोबर ही हमी फारशी चर्चा न होता संपुष्टात येत आहे. ज्याच्या घरी पर्यायी विजेची सोय नाही, त्यास या बदलाची झळ अधिक बसते.

३) ग्रामीण दूरसंचाराच्या अपयशाची कारणे केवळ यंत्रांत शोधणे अपुरे आहे. बॅटरी, अर्थिंग व देखभाल यांचाही विचार आवश्यक आहे.

४) जुनी केंद्रे बंद होत असताना बॅटरी कक्षांतील नोंदवह्या व तेथे काम केलेल्या कर्मचाऱ्यांच्या आठवणी नष्ट होण्याचा धोका आहे. स्थानिक महाविद्यालयांच्या इतिहास व विज्ञान विभागांनी एकत्रितपणे हे साहित्य संकलित केल्यास दूरसंचाराच्या इतिहासातील ही उणीव भरून निघण्यास मदत होईल.