दिनविशेष : ४ ऑक्टोबर
वरळीच्या डोममध्ये एनबीए

४ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबईत वरळीच्या एनएससीआय डोममध्ये अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे दोन संघ भारतात प्रथमच खेळले. हंगामपूर्व सामना होता, पण जादा वेळेत गेला. इंडियाना पेसर्सने सॅक्रामेंटो किंग्जला १३२-१३१ असे एका गुणाने हरवले. पेसर्सच्या टी. जे. वॉरनने ३० गुण केले.

प्रेक्षक होते मुख्यतः विद्यार्थी, सुमारे ७० शाळांतील तीन हजारांहून अधिक.

त्या दिवसाचे मोल यातच आहे. टीव्हीवरचा उंच खेळाडू समोर धावताना, घामाघूम होताना दिसला की शाळेच्या मैदानावरचे गंजके कडेही वेगळे दिसू लागते. किंग्जचे मालक विवेक रणदिवे यांचा जन्म मुंबईचाच, त्यामुळे हा संघ मुलांना तसा परकाही नव्हता. मात्र मालकी मिळाली तरी भारतीय खेळाडूंसाठी एनबीएचे मैदान अजून दूर आहे. पंजाबच्या सतनाम सिंगला २०१५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने निवडले, पण एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही.

खेळ रुजायला संघावरचे प्रेम लागते; कोल्हापूरला ते शिकवावे लागत नाही. इथे तालमींचे फुटबॉल संघ पेठांनी पिढ्यान्‌पिढ्या जपले आहेत. बास्केटबॉलला तशीच हक्काची माणसे हवीत. मुंबई टायटन्ससह सहा शहरांच्या संघांची देशी लीग २०२२ मध्ये सुरू झाली, तेव्हा निदान नाव घेऊन ओरडायला एक घरचा संघ मिळाला.