नवऱ्याने टॅक्स रिटर्न उशिरा भरलं, तर बायकोचं ग्रीन कार्ड अडकतं का?

लग्न नागपुरात झालं, नवरा न्यू जर्सीत आणि बायको ग्रीन कार्डच्या प्रतीक्षेत. नागपुरातल्या बऱ्याच घरांना ही परिस्थिती ओळखीची आहे. लग्नाचा दाखला महापालिकेतून मिळतो, पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट कार्यालयातून. मुंबईच्या अमेरिकन वाणिज्य दूतावासातल्या मुलाखतीची तयारी सुरू होते आणि तेव्हा कळतं की नवऱ्याने गेल्या वर्षीचं टॅक्स रिटर्न भरलेलंच नाही.

आता प्रश्न असा की, त्याच्या टॅक्सचा हिच्या व्हिसाशी काय संबंध?

संबंध आहे आणि तो थेट आहे. पती किंवा पत्नीला अमेरिकेत कायमचं बोलवायचं असेल तर तिथल्या जोडीदाराला आय-864 नावाचा फॉर्म भरावा लागतो. 19 डिसेंबर 1997 पासून हा फॉर्म कायद्याने बंधनकारक करार आहे. 'ही व्यक्ती सरकारवर भार होणार नाही, खर्च मी बघेन' अशी ती हमी असते. त्यासाठी उत्पन्न सरकारी दारिद्र्य मर्यादेच्या किमान 125 टक्के लागतं. दोघांच्या कुटुंबासाठी 2025 मध्ये हा आकडा वर्षाला 26,437 डॉलर होता. या उत्पन्नाचा पहिला पुरावा म्हणजे सगळ्यात अलीकडच्या वर्षाचं फेडरल टॅक्स रिटर्न.

रिटर्न उशिरा भरलं, एवढ्याच कारणावरून अर्ज फेटाळत नाहीत. भरलेलंच नसेल तर मात्र फाइल जागची हलत नाही. फॉर्मच्या सूचनांमध्येच लिहिलंय की रिटर्न भरणं बंधनकारक असूनही राहिलं असेल, तर आधी ते भरा आणि आयआरएसचा ट्रान्सक्रिप्ट जोडा. आयआरएस म्हणजे तिथलं आयकर खातं. हा ट्रान्सक्रिप्ट फुकट मिळतो, पण रिटर्न कागदावर भरलं असेल तर तो दिसायला बरेच आठवडे जातात. मुलाखतीत कागद कमी पडले तर 221(जी) चा शेरा बसतो. कागदोपत्री तो नकारच असतो, मात्र एका वर्षाच्या आत कागद दिले तर तोच अर्ज पुढे चालतो.

मुदत 15 एप्रिलची असते. फॉर्म 4868 भरला तर ती 15 ऑक्टोबरपर्यंत वाढते. ही वाढ फक्त रिटर्नसाठी आहे, टॅक्सचे पैसे एप्रिलमध्येच भरायचे. मुदतवाढ न घेता उशीर केला तर थकलेल्या टॅक्सवर महिन्याला 5 टक्के दंड लागतो, जास्तीत जास्त 25 टक्के.

उशीर होतो कशामुळे?

आळस हे एक कारण आहेच. पण नवविवाहितांच्या बाबतीत वेगळंच कारण असतं. एकत्र रिटर्न भरलं तर टॅक्स वाचतो, हे नवऱ्याने ऐकलेलं असतं. बायकोकडे सोशल सिक्युरिटी नंबर नसतो, म्हणून तिच्यासाठी आयटीआयएन नंबर लागतो. तो आधी येऊ दे, मग रिटर्न भरू, असं म्हणत मुदत निघून जाते. खरं तर या नंबरचा अर्ज, म्हणजे डब्ल्यू-7, रिटर्नसोबतच जोडायचा असतो. आणि एकत्र रिटर्नचा पर्याय घेतला की बायकोचा नागपुरातला पगार आणि एफडीचं व्याजही अमेरिकेच्या हिशेबात येतं. हे बरेचदा नंतर लक्षात येतं.

दुसरा पर्याय म्हणजे 'विवाहित, स्वतंत्र रिटर्न' असं भरून मोकळं व्हायचं. नंतर तीन वर्षांत ते बदलून एकत्र करता येतं. घाईत 'सिंगल' मात्र लिहू नये. एकीकडे बायको म्हणून अर्ज आणि दुसरीकडे टॅक्समध्ये अविवाहित, हे बघितल्यावर अधिकारी लग्नावरच प्रश्न विचारू शकतात.

नवरा अमेरिकन नागरिक, पण नोकरी मिहानमध्ये?

इथे गोंधळ सगळ्यात जास्त होतो. 'पगार रुपयात, टॅक्स भारतात, मग अमेरिकेत कशाला?' असं वाटणं साहजिक आहे. पण अमेरिकन नागरिकाला जगात कुठेही राहिलं तरी जगभरचं उत्पन्न तिथे दाखवावं लागतं. 2025 साठी परदेशातली 1,30,000 डॉलरपर्यंतची कमाई वगळता येते, मात्र ती सवलत रिटर्न भरूनच मिळते. वर्षानुवर्षं राहून गेलं असेल आणि ते जाणूनबुजून नसेल, तर बाहेर राहणाऱ्यांसाठी 'स्ट्रीमलाइन्ड' योजना आहे. मागची तीन वर्षांची रिटर्न्स आणि सहा वर्षांची परदेशी खात्यांची माहिती द्यायची, दंड माफ. पण मिहानमधली नोकरी सोडूनच जायचं असेल, तर तो पगार हमीसाठी धरत नाहीत. मग तिथला एखादा नातेवाईक सह-हमीदार लागतो आणि त्याचंही रिटर्न लागतं.

नागपूरचा फ्लॅट दाखवला तर? मालमत्ता चालते, पण ती वर्षभरात विकून पैसे करता येण्यासारखी हवी. नवरा नागरिक असेल तर उत्पन्न जितकं कमी पडतंय त्याच्या तिप्पट आणि ग्रीन कार्डधारक असेल तर पाचपट किंमत लागते. म्हणजे 6,437 डॉलर कमी पडत असतील तर 19,311 किंवा 32,185 डॉलर.

आणि बायकोचं भारतातलं रिटर्न? आय-864 साठी ते मागत नाहीत. देश सोडताना प्रत्येकाला टॅक्स क्लिअरन्स लागणार, असे मेसेज 2024 च्या बजेटनंतर फिरत होते. ऑगस्ट 2024 मध्ये सीबीडीटीने खुलासा केला की गंभीर आर्थिक गैरव्यवहाराचा संशय किंवा 10 लाखांच्या वर थकबाकी, अशा मोजक्या प्रकरणांतच ते लागतं.

लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत बायको तिथे पोहोचली तर तिला आधी दोन वर्षांचं सशर्त कार्ड मिळतं. ते पक्कं करताना संसार खरा असल्याचा पुरावा म्हणून एकत्र भरलेली रिटर्न्स कामी येतात. उलट घटस्फोट झाला, तरी आय-864 ची हमी संपत नाही. बायको नागरिक होईपर्यंत, साधारण दहा वर्षांच्या कामाचा तिचा हिशेब पूर्ण होईपर्यंत किंवा ती कायमची देश सोडेपर्यंत ती नवऱ्याच्या मानेवर राहते.