बंगळूरचे वातविवर आणि हसूरचे घाटगे

भारतात विमानविद्येचे पद्धतशीर संशोधन व अध्यापन सुरू झाले ते डिसेंबर १९४२ मध्ये, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत. निमित्त महायुद्धाचे होते. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये तेथेच हिंदुस्तान एअरक्राफ्ट हा कारखाना काढला. मात्र विमाने जोडू व दुरुस्त करू शकणारे कारागीर मिळाले, तरी ती आखू शकणारे अभियंते देशात जवळपास नव्हतेच. ही उणीव भरून काढण्यासाठी संस्थेत वैमानिकी अभियांत्रिकी विभाग उघडण्यात आला.

विभागाच्या उभारणीत पुढाकार होता डॉ. विष्णु माधव घाटगे यांचा. कोल्हापूर जिल्ह्यातील हसूर येथे १९०८ मध्ये जन्मलेल्या घाटगे यांनी जर्मनीत गटिंगेन विद्यापीठात लुडविग प्रांट्ल यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळविली होती. पृष्ठभागालगतच्या हवेच्या पातळ थराचा, अर्थात सीमास्तराचा सिद्धांत १९०४ मध्ये मांडणारे ते हेच प्रांट्ल. घाटगे यांनी हिंदुस्तान एअरक्राफ्टसाठी १९४१ मध्ये दहा आसनी ग्लायडर तयार केले होते.

अशा विभागाचे काम वातविवराशिवाय, म्हणजे विंड टनेलशिवाय अडते. विमानाची छोटी प्रतिकृती बोगद्यात स्थिर ठेवून तिच्यावरून पंख्याच्या साह्याने हवेचा झोत सोडतात आणि उद्धरण व अवरोध मोजतात. आराखड्यातील चूक येथे सापडली तर केवळ प्रतिकृती बदलावी लागते; आकाशात सापडली तर वैमानिकाचा जीव जातो. संस्थेत युद्धकाळातच बंद परिपथाचे वातविवर उभे राहिले. १४ बाय ९ फुटांचे खुले वातविवर १९५९ मध्ये सुरू झाले. पुढे उंच इमारतींवरील वाऱ्याचा दाबही त्यात तपासला गेला, हे अनेकांना ठाऊक नसते.

१९५१ मध्ये कॅलिफोर्नियाहून परतलेले सतीश धवन येथे रुजू झाले. त्यांनी उभारलेले ध्वन्यातीत वेगाचे वातविवर अवघे १ इंच बाय ३ इंच छेदाचे होते! साधने तोकडी होती. पण ध्वनीहून वेगवान प्रवाहाचा अभ्यास आता मायदेशातच होऊ लागला. धवन १९६२ मध्ये संस्थेचे संचालक झाले आणि १९७२ पासून इस्रोची धुराही त्यांच्याकडे आली.

घाटगे मात्र दरम्यान कारखान्यात परतले होते. त्यांच्या आराखड्याचे एचटी-२ हे प्रशिक्षण विमान ऑगस्ट १९५१ मध्ये उडाले. अशी दीडशेहून अधिक विमाने बांधली गेली, घानाच्या हवाई दलानेही ती घेतली. १९६५ मध्ये घाटगे यांना पद्मश्री मिळाली. १९९१ मध्ये त्यांचे निधन झाले. वालचंदनगरमुळे वालचंदांचे नाव महाराष्ट्रात घरोघरी पोचले. घाटगे यांच्या वाट्याला तेवढी ओळख आली नाही, आणि ही उपेक्षा खटकणारी आहे. त्यांनी रुजविलेल्या विभागात आजही संशोधक घडत आहेत.